भिंतीपलीकडचे मास्तर

आमच्या सासऱ्यांनी मला सहा वर्षं शिकवलं आणि त्या सहा वर्षांत त्यांनी एकदाही माझं तोंड पाहिलं नाही. हे सांगितलं की आताच्या मुलींना वाटतं, म्हातारी रंगवून सांगतेय. रंगवायला कशाला हवं? खानदेशातल्या आमच्यासारख्या शेतकरी घरांत त्या काळी सून सासऱ्यासमोर उभी राहत नसे, बोलणं तर लांबच. सासरा ओट्यावर आला की सुनेनं पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि आत व्हायचं. माझ्या सासऱ्यांनी ही रीतही मोडली नाही आणि शिकवणंही सोडलं नाही.

घरात आम्ही त्यांना आबा म्हणत असू. गावात मात्र ते 'दंडवत मास्तर' होते. धरणगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या प्राथमिक शाळेत ते मास्तर होते. घर महानुभाव पंथाचं, आणि पंथात एकमेकांना भेटल्यावर 'दंडवत प्रणाम' म्हणायची पद्धत आहे. पण आबांचा दंडवत पंथापुरता नव्हता. रस्त्यात भेटेल त्याला ते हात जोडून, कमरेत वाकून दंडवत घालत. मग तो सावकार असो, गाडीवान असो, की नाक पुसत शाळेत आलेलं पहिलीतलं पोर असो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी असाच दंडवत घातला. साहेब खूश झाले. मग आबा मागे वळले आणि साहेबांची पेटी धरून उभ्या असलेल्या शिपायाला तितकंच वाकून दंडवत घातला. साहेबांची खुशी तिथेच संपली. नंतर कुणीतरी आबांना टोकलं तर म्हणाले, "वाकायचंच तर मोजून कशाला वाकायचं?"

मी लग्न होऊन आले ती नरडाण्याकडून, देश स्वतंत्र होऊन तीनेक वर्षं झाली होती तेव्हा. चौथी पास होते आणि वय पंधरा. आमचं माहेर कानबाई देवी बसवणाऱ्यांचं. श्रावणात कानबाई येते तेव्हा आमच्या घरी दोन दिवस पाय ठेवायला जागा नसायची. आणि इथे पाहते तर घरात एकही देव नाही. गणपती नाही, देवीचा टाक नाही. देव्हाऱ्यात रेशमी रुमालात गुंडाळलेले चार लहान दगड. देवाचा स्पर्श झालेले म्हणून ते पंथात वंदायचे असतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटलं, कसल्या घरात पडले मी! आबा पहाटे उठून दिवस उजाडेपर्यंत नामस्मरण करत. दुसऱ्या कुठल्या देवतेला हात जोडत नसत, तिचा प्रसाद तोंडात घालत नसत. गावच्या यात्रेला शाळेला सुट्टी देत आणि स्वतः ओट्यावर बसून राहत. गावानं कधी मनाला लावून घेतलं नाही. लोक हसून म्हणत, "मास्तर देवले हात जोडत नही, पन मानूसले जोडस."

पहिल्याच श्रावणात मी घोळ घातला. कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, आमच्याकडे भाऊबंदांबाहेर देत नाहीत, आणि टाकून तर अजिबात द्यायचा नसतो. लग्न झालेल्या लेकीला तो द्यावा की नाही, यावर माझ्या आईचं आणि काकूचं दरवर्षी वाजायचं. त्या वर्षी आईनं काकूचा डोळा चुकवून दोन रोट फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घातले. मी सासरी येऊन भोळेपणानं ते फडकं चुलीपाशी ठेवलं. सासूबाई एकदम मागे सरल्या. "उपदेशीना घरमा हाऊ रोट चालत नही!" मी रडायला लागले. रोट घरात ठेवता येत नाही, टाकता येत नाही, कुणाला देताही येत नाही. बाहेरून आबांचा आवाज आला, सासूबाईंना उद्देशून, पण ऐकायचं मी. "तिला म्हणा, परसात बसून स्वस्थ खा. मी तो खाणार नाही आणि ती तो टाकणार नाही. दोघांचंही बरोबर आहे." मी परसात बसून दोन्ही रोट खाल्ले. पोट फुटायची वेळ आली होती, पण त्या दिवसापासून मला त्या घराची भीती वाटेनाशी झाली.

आता शिकवण्याचं कसं सुरू झालं ते सांगते. शाळेत मुली यायच्या, चौथीपर्यंत. दहा वर्षांची झाली की मुलगी घरी बसायची. एक मुलगी फार हुशार होती. तिला बापानं काढून घेतली तेव्हा आबा तिच्या घरी गेले. बाप गरीब नव्हता की वाईटही नव्हता. त्यानं आबांना खाट टाकून दिली आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही देवमानूस शेतस. पन पुरुषना वर्गमा मोठी पोर कशी बसाडू? बाई लई या, मंग धाडसू." आबांनी जिल्ह्याच्या शाळा बोर्डाकडे बाईसाठी अर्ज केले. एक बाई येऊन गाव बघून गेली, ती परत आली नाही. दुसरी आलीच नाही. दोन कोस चिखल तुडवत कोण येणार? चार वर्षं आबा अर्ज करत राहिले. मग माझं लग्न झालं, आणि त्यांच्या मनात आलं की बाई बाहेरून येत नाही तर घरात तयार करावी. सातवीची फायनल पास झालेल्या बाईला तेव्हा मास्तरकी मिळत असे. मला हे सगळं सासूबाईंकडून कळलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. स्वयंपाकघरात माझा जीव रमत नव्हता.

आमचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, मातीच्याच जाड भिंतींचं. ओट्यालगतची पडवी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. त्यात एक दिवा ठेवला की दोन्हीकडे उजेड पडायचा. आबांनी तो दिवा दिवसा काढून ठेवायला सांगितलं. सकाळी स्मरण आटोपलं की ते पडवीत भिंतीला पाठ लावून बसत. अलीकडे चुलीपाशी मी. ते मोठ्यानं धडा वाचत, समजावून सांगत आणि कोनाड्यातून पाटी आत सरकवत. मी भाकरी थापता थापता ऐकायची, हात धुऊन उत्तर लिहायची आणि पाटी कोनाड्यात ठेवायची. पाटीवर पिठाचे ठसे असायचे. माझा हात आधी दूर होई, मग त्यांचा हात पुढे येई. पुढे थोरली मुलगी झाली, तिचा पाळणाही त्याच भिंतीशी टांगला. तिला मी पायानं झोके देत अपूर्णांक शिकले.

एरवी आबा घरात आमच्यासारखंच बोलत, 'शे' आणि 'नही'. पण कोनाड्याशी बसले, किंवा काही पक्कं सांगायचं असलं, की शाळेची भाषा सुरू. उत्तर चुकलं तर त्यावर फुली कधी मारली नाही. सगळं पुसून तेच गणित पुन्हा लिहून पाठवायचे. बरोबर आलं तर शाबासकी नाही, त्याहून अवघड गणित. सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही चांगलं म्हटलं नाही. मी सासूबाईंपाशी कुरकुर केली, ती त्यांच्या कानावर गेली. भिंतीपलीकडून म्हणाले, "पुढचं गणित देतो ते काय म्हणून देतो?" मला त्यांचा रागच यायचा अशा वेळी. माणसानं एवढंही कोरडं असू नये. पण पावसात धाबं गळत असलं तरी, अंगात ताप असला तरी सकाळी भिंतीपलीकडे खाकरल्याचा आवाज यायचा आणि पाटी आत सरकायची.

सासूबाईंना माझ्या शिकण्याचं काही नव्हतं. त्यांना घाई होती मी उपदेश घेण्याची, म्हणजे महंतबाबांकडून पंथाची दीक्षा घेण्याची. "वऊ उपदेशी झायी का मी मोकळी," असं त्या येताजाता म्हणायच्या. वऊ म्हणजे सून, मी. उपदेश घेतला की कानबाई सुटणार, माहेरचा श्रावण सुटणार. माझं मन होईना. आबांनी हे ओळखलं असावं. एका सकाळी धडा थांबवून म्हणाले, "उपदेश घ्यायचा म्हणजे मागचं सोडायचं. काय सोडतोय ते माणसाला आधी नीट कळलं पाहिजे. कुणाला बरं वाटावं म्हणून घेऊ नकोस." सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोर तो विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

आबांच्या मनात आणखी एक गोष्ट पक्की होती. नोकरी संपली की संन्यास घ्यायचा. त्यांनी महंतबाबांना तसा शब्द दिला होता. पंथातला संन्याशी घर सोडतो, गाव सोडतो, आणि सगळ्यांत आधी नातं सोडतो. बायकोला बायको म्हणायचं नाही, मुलाला मुलगा म्हणायचं नाही. भिक्षा मागायची आणि फिरत राहायचं. म्हणून तर माझ्या अभ्यासाची एवढी घाई. पंचावन्नावं लागायच्या आत गावाला बाई द्यायची आणि मग निघायचं, असा त्यांचा हिशेब. मी जळगावला फायनलला बसले आणि पास झाले. आबांनी शाळेत गूळ वाटला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

मग बोर्डाच्या कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. आबा, मी आणि माझे यजमान धरणगावहून गाडीनं जळगावला गेलो. यजमान तिथल्याच एका कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते, ते स्टेशनावरून कामाला गेले. कचेरीच्या आवारात आबा लिंबाखाली बसले आणि मी आत गेले. खोलीत तीन पुरुष. मधल्या साहेबांनी माझं नाव विचारलं. मला नाव सांगता येईना. नाव येत होतं हो, तोंड उघडेना. त्यांनी क्रमिक पुस्तक दिलं, म्हणाले, "वाचून दाखवा बाई, कुठलाही धडा." प्रत्येक अक्षर मला दिसत होतं. धडा पाठ होता. मी पुस्तक धरून उभी राहिले आणि घामानं त्याची पानं ओली झाली. साहेब भले होते. त्यांनी पाणी दिलं, वाट पाहिली, पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाले, "बाई, शिकवायचं म्हणजे बोलावं लागतं." मी बाहेर आले. माझ्या मागून शिपाई आला आणि आबांना म्हणाला, "मास्तर, तुमनी वऊ मुकी शे का?"

आबा उठून स्टेशनाकडे चालू लागले. आम्ही गाडीत बसलो. मी खिडकीकडे तोंड करून पदराआड रडत होते. मला माझी लाज वाटत होती, त्याहून जास्त त्यांची भीती. धरणगावला उतरलो. फलाटावरची माणसं पांगली. आबा पुढे चालत होते ते थांबले, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलले. "वऊ, चूक मन्ही शे. तुन्ही नही." मग पुढे चालू लागले. घर येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पण मला त्या दोन वाक्यांनी धीर आला, तो आजवर पुरलाय.

चूक त्यांचीच होती, हे मी आज म्हणू शकते. आमच्या दोघांची होती. पुरुषासमोर तोंड उघडायचं नाही, एवढा एक धडा मी रोज, न चुकता, त्यांच्याच पुढ्यात गिरवत होते आणि दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. रीत इतकी अंगात मुरलेली की तिला कुणी धडा समजलंच नाही.

त्या जूनमध्ये आबा निवृत्त झाले. लोक विचारायला लागले, मास्तर कधी निघताय? आबा पिशवी घेऊन महंतबाबांकडे गेले आणि चार दिवसांनी परत आले. दारातच म्हणाले, "एक वर्ष मागून आणलंय. वाया घालवायचं नाही." गावात चेष्टा झाली, की मास्तरांचा संन्यास सुनेच्या मुलाखतीत अडकला. पंथातल्या काहींना ते आवडलं नाही. एकदा ठरवल्यावर माणसानं मागं का बघावं, असं त्यांचं म्हणणं. आबांनी दुसऱ्या दिवशी माती कालवली, विटांचे तुकडे घेतले आणि मधल्या भिंतीतला कोनाडा लिंपून बुजवून टाकला. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "आते दोन दिवा लावाना! घासलेट काय तुमना बाबा धाडतीन?" आबा हात धूत म्हणाले, "पाटी आता इकडून जाणार नाही. तिनं बाहेर यायचं."

मी बाहेर आले. पदर हनुवटीपर्यंत. दुपार कलली की ओट्यावर सासूबाई शेजारी कापूस घेऊन बसायच्या, सरकी काढत. आबा दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून. "वाच." मी पुस्तक उघडायची. ओठ हलायचे, आवाज नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पंधरा दिवस. सासूबाई आधी समजावायच्या, मग खेकसायच्या, मग त्याच रडायला लागायच्या. आबा रोज तेवढ्याच शांतपणे म्हणायचे, "वाच." मला वाटायचं, आता हे चिडतील, निदान माझी सुटका होईल. पण चिडतील तर ते आबा कसले!

सोळाव्या का सतराव्या दिवशी त्यांनी सासूबाईंना विचारलं, "तिनं माहेरी कधी चारचौघांत मोठ्यानं काही म्हटलंय का, विचारा." मी सासूबाईंच्या कानात सांगितलं. सासूबाई सरकी काढत राहिल्या. आबांनी पुन्हा विचारलं तेव्हा नाइलाजानं म्हणाल्या, "कानबाईना गाना म्हने."

 आबांपुढे काय होतं ते मला कळत होतं. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्या देवतेचा कण तोंडात घातला नाही, त्याच्या ओट्यावर तिची गाणी. पंथाची माणसं रोज संध्याकाळी स्मरणाला यायची तोच हा ओटा. "म्हणू दे," ते म्हणाले. सासूबाई उसळल्या. आबा म्हणाले, "गाना देवीना शेतस. आवाज मन्ही वऊना शे. मी आवाज ऐकस."

मी डोळे मिटले आणि म्हटलं. पहिल्या ओळीला नुसते ओठ हलले. दुसरी बाहेर आली. मग कुठून बळ आलं कोण जाणे, माहेरच्या अंगणात म्हणायची तसं म्हणत गेले, अख्खं. डोळे उघडले तेव्हा रस्त्यावर स्मरणाला आलेले दोघे उभे होते. एकजण चढून येऊन बसला. दुसरा परत फिरला तो पुढे कधी आमच्या घरी आला नाही. त्यानं इतरांनाही सांगितलं, आणि महिनाभरात आमच्या ओट्यावर येणारी माणसं निम्म्याहून कमी झाली. आबांना त्याचं वाईट वाटलं नसेल असं नाही. ती त्यांची जन्माची सोबत होती. पण रोज ठरल्या वेळी ते म्हणायचे, "म्हण," आणि गाणं झालं की, "आता हा धडा. त्याच आवाजात."

त्या दिवसांत सासूबाई दुपारी आबांचं ताट वाढायच्या बंद झाल्या. मला वाटलं, आबांचं पोट बिघडलंय. विचारलं तर सासूबाई आधी सांगेनात. मग कळलं. मी ज्या दिवशी गाणं म्हणायची त्या दिवशी आबा एकच वेळ जेवत होते. घरात नियम मोडला त्याचं प्रायश्चित्त, स्वतःच ठरवून घेतलेलं. मी त्या दिवशी गाणं म्हणायला नकार दिला. तेव्हा आबा म्हणाले, "नियम मोडला हे खरं आहे. मोडला म्हणून काही तो खोटा ठरत नाही. माझं मी बघतो, तू तुझं बघ." सासूबाई, ज्यांना ती गाणी सगळ्यांत जास्त टोचत होती, माझ्या पाठीत धपका घालून म्हणाल्या, "त्यास्नी जेवन सोडं, आते तू गाना सोडू नको!" मी म्हटलं. रडत रडत म्हटलं, पण मोठ्यानं म्हटलं. दिवाळीनंतर मला गाण्याची गरज राहिली नाही. आबा पुन्हा दोन वेळ जेवायला लागले तेव्हा त्यांची हाडं दिसत होती.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मुलाखत झाली. तेच साहेब होते. मी नाव सांगितलं, पदर डोक्यावर सारखा केला आणि धडा वाचायला सुरुवात केली. अर्धा झाल्यावर साहेब हात वर करून म्हणाले, "बाई, जरा हळू. शेजारच्या खोलीत माणसं कामं करताहेत." बाहेर लिंबाखाली आबांना सगळं ऐकू आलं होतं. मी गेले तेव्हा ते डोळे पुसत नव्हते, धोतराला लागलेल्या लिंबोळ्या झटकत होते.

मला गावच्याच शाळेत नेमणूक मिळाली, आणि निघायच्या आधी आबांनी सासूबाईंची परवानगी मागितली. बायकोनं हो म्हटल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही माले इचारतस का सांगतस?" आबा म्हणाले, "इचारस." सासूबाईंनी तीन दिवस घेतले. त्या तीन दिवसांत त्या शेतात जाऊन एकट्याच बसायच्या. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी आबांचं धोतर धुऊन वाळत घातलं आणि म्हणाल्या, "जा." मी म्हटलं, निदान माझी शाळा सुरू होईपर्यंत थांबायला सांगा. मी आता आबांसमोर बोलत होते, तरी हे मात्र सासूबाईंकरवी विचारलं. आबा म्हणाले, "मी ओट्यावर दिसलो तर गावाला वाटेल मास्तरच शिकवतोय. वर्ग तिचा आहे." शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ते गेले. माझ्या यजमानांना, सासूबाईंना, माझ्या लहान मुलीला त्यांनी दंडवत घातला. मलाही घातला. सासऱ्यानं सुनेपुढे वाकायचं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते वाकले, सरळ झाले आणि रस्त्याला लागले. यजमान मारुतीच्या पारापर्यंत गेले आणि तिथून परत आले.

दीड वर्षानं मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला धुळ्याला पाठवलं. एका सकाळी मी तिथे राहत होते त्या गल्लीत पंथातले सात-आठ भिक्षू आले. कुठल्या तरी तीर्थाला चालले होते, वाटेत एक मुक्काम. मी भाकरी घेऊन दारात आले आणि तिसऱ्या जागी आबा. काळपट वस्त्र, हातात झोळी, चेहरा उन्हानं रापलेला. 'आबा' म्हणायचं नव्हतं. मी दंडवत घातला. त्यांनी इतरांसारखाच मलाही घातला. मी भाकरी झोळीत ठेवली. नियमाप्रमाणे त्यांनी पुढे जायचं. ते क्षणभर थांबले आणि कुणा अनोळखी बाईला विचारावं तसं विचारलं, "बाई, आपण काय करता?"

"मुलींना शिकवते बाबा. गावच्या शाळेत."

"मोठ्या मुली येतात?"

"येतात. बारा-तेरा वर्षांच्याही येतात. अकरा आहेत."

"शेवटच्या मुलीला ऐकू जातं?"

"जातं बाबा."

त्यांनी मान हलवली आणि ते शेजारच्या दारी गेले. मी त्यांच्यामागे गेले नाही. जावंसं वाटलं, खूप वाटलं. पण मग त्यांनी जे सोडलं ते मीच त्यांच्या गळ्यात पुन्हा बांधलं असतं. मी दार लावून घेतलं आणि आत बसून पोटभर रडले.

त्यानंतर वर्षभरानं, ट्रेनिंग आटोपून मी गावी परतले होते तेव्हा, पत्र आलं, साधं कार्ड. वऱ्हाडातल्या एका आश्रमात त्यांचा देह पडला होता, त्यालाही महिना होऊन गेला होता. मी शाळेला निघाले होते, कार्ड दारातच वाचलं, सासूबाईंना वाचून दाखवलं. शेजारणी जमल्या. सुतक धरायचं का, किती दिवस, असं त्यांचं सुरू झालं. एकीनं सासूबाईंच्या कपाळाकडे बघून दुसरीला कोपरानं ढोसलं. सासूबाईंनी ते पाहिलं. म्हणाल्या, "त्या घर सोडी ग्यात तव्हय मी कुंकू नही पुसं, आते काबरं पुसू?" मग माझ्याकडे वळल्या. "संन्याशीना सुतक नही ऱ्हास. तू शाळामा जाय. पोरी वाट देखतीन."

मी गेले. उशीर झाला होता. मुली ओळीत बसल्या होत्या, कुणीतरी फळा पुसून ठेवला होता. मी हजेरीपट उघडला आणि उभ्यानंच नावं घ्यायला लागले. चौथ्या नावाला आवाज गेला. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पट खाली ठेवला, डोळे पुसले, पुन्हा उचलला आणि ते नाव पुन्हा घेतलं, शेवटच्या ओळीत बसलेल्या त्या मुलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ती उभी राहून "हजर बाई" म्हणाली. मग मी पुढचं नाव घेतलं.